मायने फोडलेली विहीर

आमचं घर बांद्यापासून आत, काजूच्या बागेला लागून. तिथे जनावरांशी रोजचा संबंध. सकाळी काजऱ्याच्या झाडावर ककणेरांची, म्हणजे धनेश पक्ष्यांची, जोडी येऊन बसायची आणि त्यांच्या कर्कश आवाजाने जाग यायची. केळडी, म्हणजे माकडं, काजूचे बोंडू अर्धवट खाऊन खाली टाकायची. मोर तर अंगणातून असे चालायचे, की घर त्यांचं आणि आम्ही पाहुणे. माय या सगळ्यांशी बोलायची, बहुतेक वेळा भांडायचीच. तिचा सगळ्यात जास्त राग होता गव्यांवर. अलीकडे ते घाटाखाली उतरून शेतात यायला लागले होते. भाताचा तरवा, लावणीची कोवळी रोपं, तुडवून जायचे. माय पत्र्याचा डबा बडवत बांधावर उभी राहायची आणि त्यांना नाही नाही ते बोलायची. मी वेंगुर्ल्याला शाळेत शिकवते. शनिवारी घरी आले की आठवडाभरातल्या गव्यांच्या तक्रारी माझ्यासमोर मांडल्या जायच्या.

त्या वर्षी ईस्टरच्या सुट्टीत मी घरीच होते. सकाळी माय बोंडू वेचायला बागेत गेली आणि थोड्याच वेळात रिकामी टोपली घेऊन धावत परत आली.

"बावडेत गवो पडलो हा," ती पायला म्हणाली. पाय म्हणजे माझे वडील.

आम्ही तिघंही धावलो. बागेतली ती विहीर पायनी बांधलेली. गोव्यात हॉटेलात स्वयंपाकी होते तेव्हा दर सुट्टीत येऊन त्यांनी ती थोडी थोडी खणली होती, चिरे स्वतः बसवले होते. कठडा तेवढा राहून गेला होता. आत वाकून पाहिलं तर एक गव्याची मादी पोटापर्यंत पाण्यात उभी. मान वर करून ती फुरफुरत होती. ती वर धडपडली की दिसायचं, पायांचा मोज्यांसारखा पांढरा भाग मातीने लाल झाला होता. चिऱ्यांवर खूर मारून ती वर यायला बघायची आणि पुन्हा पाण्यात आदळायची. पलीकडे काजूंच्या सावलीत तिचं पिल्लू उभं होतं. माणसं जमायला लागली तशी ते थोडं मागे सरायचं, पण निघून जात नव्हतं.

वनखात्याची माणसं आली. त्यांच्यातले मोठे साहेब शांत स्वभावाचे होते. क्रेन आमच्या पाणंदीतून येऊ शकत नव्हती. भूल द्यावी तर जनावर पाण्यातच बुडून मरेल. एकच वाट उरली होती. जेसीबीने विहिरीची एक बाजू फोडायची आणि तिला चालत वर येता येईल असा उतार करायचा.

"पण विहीर तुमची आहे," साहेब मायला म्हणाले. "एकदा फोडली की यंदाचा उन्हाळा तुम्हाला पाणी नाही. विचार करून सांगा."

जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, की ज्यांनी तुमची शेती खाल्ली त्यांच्यासाठी विहीर कशाला फोडता? माय पिल्लाकडे आणि विहिरीतल्या त्याच्या आईकडे बघत होती. एरवी सरकारी माणूस समोर आला की माय जपून जपून पुस्तकी मराठी बोलते. त्या दिवशी तिने तसं केलं नाही.

"बावडी परत बांधूक येता," ती म्हणाली. "त्या पोराक दुसरी आवय खंयसून हाडतल्यात तुमी?"

मग तिने पायकडे पाहिलं. विहीर त्यांच्या हातची होती. मला वाटलं, ते नाही म्हणतील. इतकी वर्षं त्यांनी त्या चिऱ्यांवर कुणाला कपडे आपटू दिले नव्हते. ते विहिरीला एक फेरी मारून आले, जेसीबीवाल्यापाशी गेले आणि एका बाजूला बोट दाखवून म्हणाले, "हयसून नको, हय खाली कातळ आसा. थयसून फोड. थय भराव घातललो आसा, माती पटकन सुटतली."

पहिला चिरा निखळला तेव्हा मी पायच्या शेजारी उभी होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसलं. बस्स, तेवढंच.

उतार व्हायला दुपार झाली. साहेबांनी सगळ्यांना लांब पाठवलं. आम्ही गोठ्याच्या भिंतीआड उभे राहिलो. मादी पुढे आली, उतारावर पाय टाकला आणि घसरून गुडघ्यावर बसली. पुन्हा उठली, पुन्हा घसरली. माय पुटपुटत होती, "चल गो बाय, वायच चढ. आणि वायच."

तिसऱ्या खेपेला ती चढली. काळीभोर, चिखलाने माखलेली, धापा टाकत क्षणभर काठावर थांबली. पिल्लू काजूंतून धावत आलं आणि तिच्या पोटाखाली शिरलं. मग दोघं डोंगराच्या बाजूने निघून गेली. माय रडत होती. पाय तिला म्हणाले, "आता कित्याक रडतंस?" आणि आपला रुमाल तिच्यापुढे केला.

तो उन्हाळा कठीण गेला. दगडी गडग्यापलीकडच्या शेजारीण काकी त्याच संध्याकाळी येऊन सांगून गेल्या, की आमच्या विहिरीवरचा रहाट तुमचाच समजा. आम्ही जून लागेपर्यंत तिथून पाणी भरलं. पुढच्या वर्षी पायनी विहीर पुन्हा बांधली, यावेळी छातीएवढ्या कठड्यासकट. मधल्या पावसात गव्यांनी तरवा तुडवलाच. माय डबा घेऊन बांधावर गेली. मी तिला चिडवलं, की अगं, तुझी मैत्रीण असेल त्यात. ती म्हणाली, "असली तर असांदे. तरवो माझो आसा."

गेल्या महिन्यात मी सावंतवाडीहून वेंगुर्ल्याच्या बसमध्ये बसले होते. पुढच्या सीटवरची बाई आपल्या सोबतिणीला सांगत होती, की बांद्याकडे कोणी एक म्हातारी आहे, तिने गव्यासाठी घरची विहीर फोडली. मुळात माय म्हातारी नव्हती, आणि तिच्या गोष्टीत गवे दोन झाले होते. मी बराच वेळ ऐकून घेतलं. एरवी बसमध्ये अनोळखी माणसांशी मी बोलत नाही. पण त्या दिवशी पुढे वाकले आणि म्हणाले, "ती माझी माय."

दोघींनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडची बाई आणखी खिडकीला सरकली, सीटवर मध्ये जागा केली आणि म्हणाली, "हय येवन बस, आणि सगळा सुरवातीपासून सांग."

मी उठून त्यांच्यात जाऊन बसले.