हरभऱ्यासाठी घेतलेली बंदूक

आयुष्यात मी बिनकामाच्या वस्तू पुष्कळ घेतल्या. चुलीवर न बसणारं पातेलं घेतलं. जत्रेतून पितळी अडकित्ता घेतला, तो सुपारी सोडून बोट कापायचा. एक शिलाई मशीन घेतलं, त्यावर आजवर एक उशीची खोळ तेवढी शिवून झाली, तीही वाकडी. पण एवढ्यासाठी माझी एकटीची अक्कल पुरली. बंदूक घ्यायला मात्र तलाठी, ठाणं, तहसील आणि कलेक्टर कचेरी या सगळ्यांचे शिक्के लागले. माझ्या मूर्खपणाला सरकारी मंजुरी होती, असं फार थोड्या बायकांना म्हणता येत असेल.

तेव्हा मी पंचेचाळिशीची होते आणि मला सगळं कळत होतं. आता सत्तरीत बरंच कमी कळतं.

आमचं गाव वर्ध्याकडून जाताना हिंगणीच्या अलीकडे. वडिलांनी लेकीचा वाटा म्हणून मला तीन एकर दिले, ते जंगलाला लागून. सातबाऱ्यावर माझं नाव. त्याचा मला एवढा तोरा, की नवरा वखर घेऊन निघाला की मी दारातून विचारायची, "माह्या वावरात चालले काय जी?" तो म्हणायचा, "हो, मालकीणबाई."

त्या वावरात माझे वडील हरभरा घ्यायचे, म्हणून मीही हरभराच पेरायला लावायची. तो रानडुकरांनाही आवडायचा. घाटे भरले की कळप यायचा आणि खाण्यापेक्षा लोळून जास्त नासाडी करून जायचा. म्हणून दिवाळीपासून होळीपर्यंत नवरा रोज रात्री जेवण झालं की जागलीला, पिकाची राखण करायला जायचा. वावरात चार लाकडी बल्ल्यांवर मचाण, वर तुराट्यांचं छप्पर, हातात टिनाचा डबा आणि काठी. चाहूल आली की डबा वाजवायचा, हाळी द्यायची. सकाळी घरी यायचं आणि आंघोळीआधी अर्धा तास खोकायचं.

त्या खोकल्यानं मला धास्ती भरली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, पाठ ठोकून पाहिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "आणखी एकदोन हिवाळे हे असे उघड्यावर निजले, तर पुढचं मी काही सांगू शकत नाही." परतताना एसटीत नवरा खिडकीशी बसून भाजलेल्या शेंगा खात होता. मला म्हणतो, "खाय न, गरम हाय." मी शेंगा खाल्ल्या आणि मनाशी ठरवलं, की यंदा हा माणूस घरात निजला पाहिजे. दुसरं काही नको.

आता सरळ मार्ग असा, की ज्याला घरात निजवायचं त्याला विचारावं. ते मला सुचलं नाही. मला बंदूक सुचली.

हिंगणीच्या बाजूला एका व्यापाऱ्याचं वावर होतं. त्यानं म्हणे कार्तिकात एकदा हवेत बार काढला आणि कळप होळीपर्यंत फिरकला नाही. ही गोष्ट मला कोणी सांगितली ते आठवत नाही. बहुतेक डुकरांनीच पसरवली असावी.

"बंदूक घेऊ," मी नवऱ्याला म्हटलं.

"कोणासाठी?"

"डुकरांसाठी."

"त्यायले चालवता येते काय?"

"थट्टा नका करू जी. मी खरं सांगून राह्यली."

"मी बी खरंच सांगतो. मी नाई हात लावत तिले." हा माणूस पिंजऱ्यात सापडलेला उंदीर नाल्यापलीकडे नेऊन सोडायचा आणि येताना पायाखाली मुंग्या तर येत नाहीत ना हे पाहायचा. त्याच्याकडून अपेक्षाच नव्हती.

"तुमच्या हाताची गरजच नाई," मी म्हटलं. "वावर माह्या नावावर, परवानाबी माह्याच नावावर निघते."

निघालाही. पीक संरक्षणाचा परवाना जमिनीच्या मालकाला मिळतो, आणि मालक मी. चौकशीला ठाण्यातून जमादार आले. अंगणात खाटेवर बसले, चहा घेतला आणि वहीत बोट ठेवून विचारलं, "चालवणार कोण?"

"मी."

"आधी कधी चालवली?"

"सैपाक तरी कुठं शिकून आलतो आम्ही? करता करताच आला."

जमादारांनी ते लिहिलं नाही. वागणुकीची चौकशी शेजारी करायची असते, म्हणून कुंपणापलीकडे माझ्या थोरल्या जाऊबाई धान्य पाखडत होत्या त्यांना त्यांनी विचारलं. जाऊबाईंनी सूप थांबवलं.

"वागणूक चांगलीच हाय साहेब. पण एवढं तोंड असून तिले बंदूक कायले लागते?"

जमादार इतके हसले की चहा अंगावर सांडला. पण शेरा चांगला गेला असावा, कारण काही महिन्यांनी परवाना हातात पडला.

बंदूक आणायला नवऱ्याला घेऊन नागपूरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हातारे होते. त्यांनी दोन जुन्या बंदुका समोर ठेवल्या. एक आखूड, हलकी, दस्त्यावर मोठा काळा डाग पडलेली. दुसरी लांबलचक, तेल पाजून चमकवलेला लाकडी दस्ता आणि नळीच्या मुळाशी उडत्या बदकांची नक्षी.

"बाई, ही हलकी घ्या. तुमच्या खांद्याला बसते."

"डाग आहे हो तिला."

"डुकराला डाग दिसत नाही."

नवरा तोंड फिरवून हसला आणि तिथेच माझा हट्ट पक्का झाला. मी बदकंवाली घेतली. साडी घेताना काठ पाहून भुलावं आणि पोत पाहू नये, तसं झालं. दुकानदारांनी मान हलवली, कागदावर सही घेतली आणि नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू दोघांची जुनी ओळख असावी.

घरी तिला कुंकू लावलं, नारळ फोडला. चार दिवस गाव पाहायला येत होतं. जाऊबाईही आल्या, बदकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "मारायची डुकरं अन् काढली बदकं. कावं, चुकून दुसरीच तं नाई आणली?" मी ऐकून घेतलं, कारण त्या चार दिवसांत मी फार मोठी बाई झाले होते.

पहिला बार दिवस असतानाच काढायचा ठरला. वावरात गेलो. मचाणाची शिडी चढायची तर एका हातात लुगड्याचा घोळ, दुसऱ्यात शिडी, मग बंदूक कुठे धरायची? शेवटी मी वर गेले आणि तिला दोर बांधून विहिरीतली बादली ओढावी तशी वर ओढली. नवरा लांब पळसाखाली कानात बोटं घालून उभा.

दस्ता खांद्याला लावला तेव्हा कळलं, ती सहा फुटी माणसासाठी घडवलेली आहे. घोड्यापर्यंत माझं बोट पोचेना. मान बगळ्यासारखी लांब करून, एक डोळा मिटून, दुसराही भीतीनं मिटून मी घोडा ओढला. आवाज मला आठवतच नाही. डोळे उघडले तेव्हा मी मचाणावर उताणी होते आणि छपराला पडलेल्या भोकातून निळं आकाश दिसत होतं.

खालून हाक आली, "अवो, हायेस काय?"

"हावो."

"डुक्कर?"

"डुक्कर कुठं हाय?"

"तेच तं इचारून राह्यलो."

बाजूच्या वावरातले बैल दावं तोडून पळाले, ते कालव्यापाशी सापडले. माझा खांदा जांभळासारखा झाला. पंधरा दिवस भाकरी थापता आली नाही. नवऱ्यानं थापल्या. त्याच्या भाकरी माझ्यापेक्षा गोल झाल्या, हे जाऊबाईंनी आळीत सगळ्यांना सांगितलं.

डुकरं तीन दिवसांनी आली आणि बार काढला त्याच कोपऱ्यात जेवून गेली.

मग एकेक गोष्ट उघडी पडायला लागली. परवाना माझा, म्हणजे बंदूक माझ्याच हाती पाहिजे. म्हणजे तिचा उपयोग व्हायचा तर जागलीला मीच जायला हवं. एकाला घरात आणायला निघाले आणि दोघं बाहेर पडलो. चार रात्री मी त्याच्यासोबत मचाणावर काढल्या. मफलर बांधा, पाय आत घ्या, बिडी टाका, तिकडं काही हललं, नाही हललं, असं माझं चालू असायचं. तो हूं हूं करायचा. दवानं काडतुसं ओलावली. त्यातलं एक नुसतं फुस्स करून राहिलं. जंगलखात्याचा माणूस येऊन सांगून गेला, "हवेत मारा. डुक्कर पडलं तर त्याचे कागद वेगळे लागतात." म्हणजे बंदुकीचा परवाना होता, डुकराचा नव्हता. पाचव्या दिवसापासून मी घरी आणि नवरा पुन्हा डबा घेऊन मचाणावर.

आणि ऐन घाटे भरायच्या वेळी निवडणूक लागली. निवडणूक लागली की आमच्याकडे बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. मी तिला गोधडीत गुंडाळली आणि तालुक्याला नेली. तेच जमादार होते. पावती फाडत म्हणाले, "आली का माहेरी? राहू द्या, आम्ही नीट सांभाळतो." ती सुटून आली तेव्हा हरभऱ्याची मळणी होऊन कुटार झालं होतं. पुढच्या हिवाळ्यात दुसरी निवडणूक. कधी गावाची, कधी जिल्ह्याची, कधी आणखी मोठी. माझ्या हरभऱ्यानं फुलोरा धरला की देशात कुठली तरी निवडणूक लागायचीच.

त्या दुसऱ्या हिवाळ्यात बंदूक ठाण्यात होती आणि नवरा तापानं खाटेवर. छातीत कफ दाटला होता. तीन दिवस मी उशाशी बसून श्वास मोजत होते. चौथ्या दिवशी ताप उतरला. पेजेची वाटी त्याच्या हातात दिली आणि मला रडू आलं. रडता रडता भांडलेही.

"एवढी बंदूक घेतली तुमच्यासाठी!"

"माह्यासाठी घेतली," तो पेजेवर फुंकर घालत म्हणाला, "पण मले इचारलं काय?"

"काय इचारायचं होतं?"

"करडई पेरू म्हणून तीन वर्षं सांगून राह्यलो. तिले काटे राह्यते, डुक्कर तोंड लावत नाई. तू म्हणे, माह्या वावरात हरभराच."

तो दोन घोट प्यायला.

"अन् दुसरं सांगू? मचाणावर मले बरं वाटे. तिथं कोणी बोलत नाई."

रागानं बोलला असता तर मी उलटून बोलले असते. तो सहज बोलला. मी वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याला ते चांगलंच वाटलं असेल, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

करडई मला का नको होती? वडिलांचा हरभरा हे तर होतंच. पण खरं म्हणजे करडई काढताना हाताला काटे टोचतात. माझ्या हाताला काटे नकोत म्हणून मी त्याची छाती थंडीत ठेवली होती. हे मी तेव्हा कबूल केलं नाही. तेव्हा मी एवढंच म्हटलं, "पेरा मग पुढच्या साली करडई, पाहू तुमचं शहाणपण."

पेरली. डुकरं आली, धुऱ्यावर, बांधाशी उभी राहिली, नाक लावलं आणि परत गेली. काढणीला मी हातांना फडकी गुंडाळली, तरी रोज संध्याकाळी जाऊबाई सुईनं माझ्या बोटांतले काटे काढायच्या आणि काढता काढता आणखी टोचायच्या, शब्दांनी. मचाणाच्या बल्ल्या गोठ्याला लागल्या. आता तर गावात ज्याच्या त्याच्या धुऱ्यावर विजेच्या झटक्याची तार आहे, डबा वाजवणारा माणूस शोधून सापडत नाही.

बंदूक परत करायला ती घेण्याहून जास्त दिवस लागले. ठाण्यात जमादारांनी कागद पुढे केला. "का परत करता, ते लिहा." मी लिहिलं, खांदा लहान आहे. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

डॉक्टरांनी सांगितलेले हिवाळे कधीच मागे पडले. नवरा आता पंचाहत्तरीचा आहे. आम्ही सिंदी मेघेला मुलाकडे राहतो आणि रोज चालायला जातो. पण मला तो घरात निजला तो पहिला हिवाळा आठवतो.

खोकला हळूहळू कमी झाला. मात्र पहाटे जाग आली की शेजारची जागा रिकामी असायची. तो मागच्या दारात घोंगडी पांघरून उंबऱ्याशी बसलेला, तोंड वावराच्या दिशेला. पहिल्या दिवशी माझ्या ओठांवर बरंच काही आलं. मफलर कुठाय, जमीन गार आहे, हे काय खूळ. मी चूल पेटवली, चहा केला, कप त्याच्याजवळ ठेवला आणि उंबऱ्यावर बसले. त्यानं माझ्याकडे पाहिलं. आता ही काय बोलते, याची तो थोडा वेळ वाट पाहत होता. मी धुक्याकडे पाहत राहिले. मग त्यानं सरकून घोंगडीची एक बाजू माझ्या खांद्यावर टाकली.

चहा संपला. वारा सुटला होता. तो एकदा खोकला.

"दार लोटू काय जी?" मी विचारलं.

तो जरा विचार करून म्हणाला, "थोडं थांब. मग लोटजो."

मी थांबले.