तात्यांच्या मागचा आवाज

आमच्याकडे धनगरी ओवी म्हणणारा ओळीचा शेवटचा शब्द स्वतः म्हणत नाही. तो तिथे थांबतो आणि मागे उभे असलेले तो शब्द उचलून लांबवतात. ओवी माझे चुलते म्हणतात. मी त्यांना तात्या म्हणतो आणि शाळेत असल्यापासून त्यांच्या मागे उभा राहतो. त्यांचा कानावरचा हात खाली आला की माझा गळा आपोआप उघडतो. हे कुणी शिकवलं, सांगता येणार नाही.

आमचं गाव आटपाडीच्या बाजूला, माळावर. घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, इस्लामपूरला. तिथे आष्ट्याचा एक मित्र भेटला. त्याच्या घरचा ऊस, वडील सैन्यातून निवृत्त झालेले. हा मात्र माडीवर कीबोर्ड आणि लॅपटॉप घेऊन स्वतःची गाणी करायचा आणि इंटरनेटवर गाणी ठेवण्याच्या एका सेवेवर टाकायचा. बिरोबाच्या आमच्या ओव्याही त्यानेच तिथे चढवल्या. त्या ऐकून मेढ्याकडच्या एका जत्रेचं बोलावणं आलं. तात्या त्या डोंगरात पहिल्यांदाच गेले. "ह्यांनी आमाला कवा ऐकलं रं?" असं मला सारखं विचारत होते.

यंदा दिवाळीनंतर त्या सेवेचा मेल आला. नियम बदलले होते. इंग्रजी मला अजून अडतं, म्हणून मी तो परत परत वाचला. ठेवलेल्या आवाजांवरून यंत्राला तसेच नवे आवाज काढायला शिकवलं जाईल. मान्य नसेल त्याने आपली गाणी काढून घ्यावीत, असं त्यात होतं. एकदा शिकलेलं परत घेता येणार नाही, हे खाली बारीक अक्षरांत होतं.

त्याच आठवड्यात मिरजेच्या डॉक्टरांनी तात्यांच्या घशात गाठ असल्याचं सांगितलं. ऑपरेशन करावं लागणार होतं. आवाज पूर्वीसारखा राहील का, असं मी विचारलं तेव्हा ते रिपोर्टकडेच बघत राहिले.

त्यामुळे ओव्या काढायच्या की ठेवायच्या, हे ठरवणं अवघड झालं.

"काढू नको गड्या," मित्र म्हणाला. "पेनड्राइव्हवर सगळं हाय, पर पेनड्राइव्ह कोण ऐकतंय? उद्या तात्यांचा आवाज गेला, तर लोकांपाशी तेवढाच राहणार."

मी तात्यांना सगळं सांगायचा प्रयत्न केला.

"मशीन शिकणार म्हंजी? आपल्यात येऊन बसणार व्हय?"



तपासणी करून परत येताना आम्ही तिघे सांगली स्टँडबाहेर एका रसवंतीत बसलो होतो. तिथल्या स्पीकरमधून तात्यांचा आवाज आला. जनावरांच्या पेंडीची जाहिरात होती, ओवीच्या चालीत. तात्यांनी ग्लास खाली ठेवला. मित्र रसवाल्याला म्हणाला, "ह्यांचाच आवाज हाय त्यो."

"आसं व्हय? मग आवं काका, एक घास पेंड खाऊन दावा की!"

बाकावरची माणसं हसली. तात्या हसले नाहीत.

"ह्यो मीच हाय," ते मला म्हणाले. "पर मी ह्ये कवा म्हटलं?" मग थोडा वेळ ऐकत राहिले. "शबुद सोडंना झालाय बघ. शेवटापतुर सोताच म्हणतोय. मागं कुणी न्हाई त्याच्या."

ती जाहिरात कुणी केली, आवाज कुठून घेतला, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. एसटीत मित्र हळू आवाजात म्हणाला, "आता तर काढूच नये. खरा तिथनं गेला, तर लोक ह्या खोट्यालाच खरा म्हणतील." त्याचं म्हणणं मला पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच भीती वाटत होती.

तासगाव मागे पडेपर्यंत तात्या खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "काढ. मी गप झालो तर गप झालो. माझ्या जागी कुणी बोलाया नगं."

दुसऱ्या दिवशी आष्ट्याला जाऊन मित्राच्या माडीवर बसून मी एकेक ओवी काढून टाकली. त्याने स्वतःची गाणी ठेवली. कदाचित त्याचंही बरोबर असेल.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. डॉक्टरांनी तात्यांना बोलायला बंदी केली, आणि पुढचं पुढे बघू म्हणाले. मी कॉटजवळ स्टुलावर बसून होतो. पलीकडच्या पेशंटचा जावई फोन चाळत होता. त्या फोनमधून तात्यांचा आवाज आला. जाहिरात तीच पेंडीची, पण चाल अधिक मोकळी, दम अधिक लांब. मी तात्यांकडे बघितलं. त्यांचे डोळे उघडे होते.

ओळ शेवटाकडे आली आणि थांबली. या वेळी शब्द सोडलेला होता. बरोबर तिथे, तात्या सोडतात तसा.

माझा गळा उघडला. तात्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि मान हलवली. मी तोंड मिटलं.

तरी फोनमध्येच, तात्यांच्या मागून कुणीतरी तो शब्द उचलला आणि लांबवत नेला. जावई मान डोलावत होता. तात्यांनी माझ्या मिटलेल्या ओठांकडे बघितलं, मग त्या फोनकडे. तो आवाज माझा होता.