कडक स्प्रिंगा

उल्हासनगरच्या कॅम्पातल्या त्या सिंधी मिस्त्रीचं नाव मला कधी कळलं नाही. मामा त्याला ‘मिस्त्री’ म्हणे, तो मामाला ‘साईं’. प्रश्न विचारून उत्तरही तोच देई. “इंजिन पुराना आहे ना? आहे.” काढलेले व्हॉल्व्ह तो पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोवून ठेवी आणि त्या पुठ्ठ्याला कुणाला हात लावू देत नसे.

मामाची लॉरी लढाईत वापरून मग लष्कराने विकून टाकलेली होती. भाताची पोती भरली की चढावर तिला दम लागे, म्हणून मामाने हट्टाने इंजिनाला नवे व्हॉल्व्ह आणि त्यांच्यावर कडक स्प्रिंगा बसवून घेतल्या. लॉरी खरोखरच धावू लागली. मामा दोन दिवस दुसरं काही बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री चालत बदलापूरला आमच्या दारात आला. हातातल्या पिशवीत जुन्या स्प्रिंगा होत्या.

“साईं, नव्या स्प्रिंगा निकालतो. व्हॉल्व्ह उचलणारा खालचा कॅम जुना आहे, एवढा जोर सोसणार नाही. घासून जाईल.”

“हे बसवताना नाही सुचलं?” मामाने विचारलं.

“सुचलं होतं. तुम्ही खूश होता, मी बोललो नाही.”

एवढं कबूल करायची गरज नव्हती, असं मला वाटलं. कॅम झिजला असता तर आम्ही इंजिनाच्या वयालाच दोष दिला असता. मी त्याच्या जागी बहुधा गप्प बसलो असतो.

मामाने त्याला बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं.

“म्हणजे पुन्हा चढावर उतरून ढकलायचं,” तो म्हणाला. मग चपला घालून अंगणात गेला आणि त्याने स्वतःच लॉरीचं बॉनेट उघडलं.