ताटापर्यंत आलेले डॉक्टर

दत्तोपंत डॉक्टरांना साठ वर्षं पुरी होत आहेत, त्यानिमित्त मंडळी ग्रंथ काढत आहेत, त्यात आपणही लिहावं, असा निरोप आला. माझं शिक्षण मराठी दुसरीपर्यंतचं. डॉक्टरांच्या विद्येबद्दल शिकलेली माणसं लिहितीलच. मी आमच्या घरात घडलं तेवढं लिहिते.

डॉक्टरांची पहिली ओळख दुसरी मोठी लढाई संपली त्या साली सांगलीत झाली. आमचं गाव लोणंदजवळ, लेक सांगलीत दिलेली. तिच्याकडं गेलो असता हळदीच्या पेठेत आमच्या मालकांना भोवळ आली. कुणी कांदा हुंगवला, कुणी म्हणालं पित्त आहे. जावयांनी त्यांना डॉक्टरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळून फुगा दाबला, काचेच्या नळीतला पारा चढला. थोडं थांबून दुसऱ्या दंडावर बघितलं. मग म्हणाले, "हवालदार, रक्ताचा दाब फार वाढलाय."

मालकांनी वीस वर्षं पलटणीत काढलेली. म्हणाले, "आवं, मला काय बी दुखत न्हाई. भोवळ उन्हानं आली."

"दुखत नाही, हीच या रोगाची खोड. पाटाला पाण्याचा जोर जास्त झाला, तर बांध आधी सांगून फुटतो का?"

ते ऐकलं आणि धाकटे दीर डोळ्यांपुढं आले. सकाळी बैल सोडायला गेलेला धडधाकट माणूस दुपारी तोंड वाकडं होऊन पडला, तो तीन वर्षं उठला नाही. घास मी भरवत होते. तेच पुन्हा बघायचं बळ माझ्यात नव्हतं. मी विचारलं, "डाक्टर, ह्यांचं बी तसंच हुणार का?"

डॉक्टर उगीच गोड बोलले नाहीत. "होऊ शकतं. पण टाळायला पुष्कळ करता येतं. मीठ अगदी कमी, तंबाखू बंद, दुपारी आडवं व्हायचं, सर्पगंधेची गोळी वेळेवर. आणि बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं काही सोडायचं नाही."

घरी आल्यावर मी भाजी-आमटीत मीठ घालणंच बंद केलं. मालक पहिल्या घासाला ताट सारायचे. "लढाईत गोळी चुकवली ती काय ही अळणी आमटी गिळायला?" मी हटले नाही. पण दोन महिन्यांनी सांगलीला गेलो, तर पारा होता तिथंच. पुढच्या खेपेलाही तेच. डॉक्टरांनी विचारलं, "मीठ खाता का?" मालक भडकले. "लेकीची आण, चिमूटभर घेतलं न्हाई!" दुसरा कुणी असता तर खोटारडा म्हणून मोकळा झाला असता. डॉक्टर नुसते विचारात पडले.

महिनाभरानं पुण्याला निघालेले डॉक्टर मधेच लोणंदला उतरले आणि बैलगाडी करून आमच्या दारात हजर. मी गोडाचं करायला धावले, तर म्हणाले, "वहिनी, वेगळं काही नको. हवालदारांचं रोजचं ताट मला वाढा."

वाढलं. अळणी आमटी, अळणी वांगं. ते घशाखाली उतरावं म्हणून शेजारी उडदाचा पापड, तळलेले सांडगे, खारातली मिरची आणि लोणच्याची फोड. डॉक्टरांनी पापड मोडला. "हे रोज?"

"व्हय. त्याबिगर अळणी कसं उतरंल?"

"आणि यात मीठ?"

"आवं, ते तर वाळवण. वरनं मीठ कुठं..." म्हणता म्हणता मी थांबले. उन्हाळ्यात त्यात मूठमूठ मीठ मीच तर घातलेलं.

मालकांना आयतंच सापडलं. "घ्या! घरातच फितुरी, आणि मी आण खातोय!"

शेजारणी दारात जमलेल्या. आता डॉक्टर मला बोलणार, असं वाटलं. पण ते म्हणाले, "चूक माझी. मी मीठ तोडायला सांगितलं, ताटात काय काय असतं ते विचारलं नाही." एवढा शिकलेला माणूस परक्या चुलीपुढं, बायामाणसांदेखत चूक कबूल करतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. घरच्या माणसानं तर आजवर केलेली नाही.

मग लिंबू, लसूण, चिंच, भाजलेले कारळे घेऊन बिनमिठाची चटणी त्यांनी माझ्याकडून तिथंच करून घेतली. पहिली चाखून म्हणाले, "जमली नाही." दुसरीलाही तेच. तिसरी जमली. तोवर त्यांची पुढची गाडी गेली होती.

लेक सांगते, तेव्हापासून दवाखान्यात हमाल येवो की अडत्या, डॉक्टर आधी सकाळपासूनचं सगळं खाणं वदवून घेतात, आणि पुढच्या वेळी स्वयंपाक करणारीला बरोबर आणायला सांगतात.

पुढच्या पावसाळ्यात पारा उतरला. पुरता नाही, पण उतरला. मालक लगेच म्हणाले, "आता गोळी सोडू काय?"

"हवालदार, रात्र शांत गेली म्हणून तुम्ही पहारा उठवत होता का?"

मालकांना पटलं. मी तेच सांगून थकले होते, पण बायकोचं कवा पटतंय? आज चार वर्षं झाली. मालक आपल्या पायांनी मळ्यात जातात. वाचा शाबूत आहे, जरा जास्तच शाबूत आहे.

समारंभाला आम्ही दोघं येणार आहोत. वयानं मी डॉक्टरांपेक्षा मोठी, म्हणून आशीर्वाद द्यायचा मला हक्क आहे. नुसतं उदंड आयुष्य मी त्यांच्यासाठी मागत नाही. नुसती वर्षं कशी असतात, ते मी अंथरुणाशी बसून बघितलंय. देवानं डॉक्टरांना लय वर्षं द्यावी, ती हातीपायी धड द्यावी, आणि त्यातला एकेक घास त्यांनी आपल्या हातानं खावा.