कापलेला कोरा कागद

मंडळी, आज सकाळी कफील, म्हणजे ज्याच्या व्हिसावर मी इथे आहे तो दुकानमालक, म्हणाला, “दुकानात आता सौदी माणूसच ठेवायचा नियम आलाय. महिनाअखेर तुझं काम खलास.” मी मान हलवली आणि कामाला लागलो.

रियाधच्या मलाझ भागातलं आमचं फ्रेमचं दुकान. एका चिनी इंजिनियरने काळ्या शाईतलं डोंगराचं चित्र दिलं होतं. वरचा अर्धा कागद कोराच. तयार फ्रेममध्ये चित्र बसेना, म्हणून कोरा भाग कापला. चौदा वर्षांत कुणाची तक्रार आली नव्हती.

दुपारी तो आला. चित्राकडे बघतच राहिला. मोडक्या इंग्रजीत एवढंच म्हणाला, “ते धुकं होतं.”

मी सॉरी म्हणालो. खरं सांगतो, वाईटसुद्धा वाटलं नाही.

कापलेल्या तुकड्याचा फोटो खाली टाकलाय. मला अजून कोरा कागदच दिसतोय. तुम्हाला कुणाला धुकं दिसतंय का?