दादाच्या गाडीची ड्रम-रबरं

दादा गेल्यावर त्याची मोटारसायकल आठ महिने पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. वहिनीने ती भंगारात द्यायचं ठरवलं. मी म्हणालो, नीट करून देतो.

"रविवारी भंगारवाला येणार हाय, भाऊजी. त्याच्या आधी मला मागं बसवून घाटापर्यंत न्या. झटके मारले तर देऊन टाकायची. कंबर आधीच गेली हाय माझी."

झटके येत होते ते मागच्या चाकातल्या रबरांमुळे. चाकाच्या ड्रममध्ये रबराचे ठोकळे असतात, साखळीचा हिसका ते झेलतात. हे मी वाचलं होतं, आणि वाचलेलं जमतंच असा माझा जुना गैरसमज आहे. धारूरला रबरं मिळाली नाहीत. चौसाळ्यात मिळाली ती दुसऱ्याच गाडीची. तिसऱ्या खेपेला, माजलगावात, बरोबर मिळाली. चाक उघडलं. जुने ठोकळे तडकलेले, भोवती काळ्या चिंध्या कोंबलेल्या. सगळं उकिरड्यावर फेकलं, ड्रम घासून लख्ख केला. नवी रबरं अलगद बसली. तेव्हाच शंका यायला हवी होती.

झटके दुप्पट झाले.

शनिवारी दिंद्रुडच्या मेकॅनिककडे गेलो, दादाही त्याच्याकडेच जायचा. त्याने चाक हलवून पाहिलं आणि हसू लागला.

"सर, ट्यूबच्या पट्ट्या कुठं हायत?"

"कसल्या पट्ट्या?"

"तुमच्या दादांनी घातलेल्या. दोन-दोन पोती लादून घाट चढायचे, ड्रम आतून लई झिजलाय. नवं रबर ढिलंच बसणार. फेकल्या कावून?"

"घाण वाटली."

"शिकलेल्या माणसाला साफसफाईचा लई नाद."

आठ महिन्यांत पहिल्यांदाच मला दादाचा संताप आला. ड्रम बदलायचा सोडून पट्ट्या कोंबल्या, आणि घरात कुणाला सांगितलंही नाही. पंपाला सुतळी, दाराला तार, सगळं असंच. भांडायचं तरी कुणाशी?

ट्रकच्या ट्यूबची पट्टी जाड झाली, सायकलची पातळ. मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबची दुहेरी घडी केली, तेव्हा संध्याकाळी चाक बसलं.

रविवारी वहिनी पदर खोचून मागे बसली. घाटापर्यंत जाऊन आलो. दारात भंगारवाला उभाच होता.

"हीच का गाडी?"

वहिनी कंबरेवर हात ठेवून उतरली.

"शेडातले दोन पत्रे घेऊन जा," ती त्याला म्हणाली, "गाडी न्हाई द्यायची." मग माझ्याकडे वळली. "झटका न्हाई आता. पण भाऊजी, सीट लई टोचती. तेवढी बघा."