घंटी ऐकू येईल एवढी डिस्क

आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. माण तालुक्यातल्या शाळांवर मास्तरकी करताना त्यांना एक नाद लागला होता. मेंढपाळांची वस्ती दिसली की जाऊन बसायचं आणि म्हाताऱ्या माणसांच्या ओव्या टेप करायच्या. आई त्याला "मेंढरांचा नाद" म्हणायची आणि ते म्हणताना तिचं नाक वर जायचं. पुढे दादा निवृत्त झाले, कराडजवळच्या आमच्या गावी येऊन राहिले आणि काचबिंदूनं त्यांची नजर गेली. वाचन सुटलं, पत्ते सुटले. राहिल्या त्या कॅसेटी. दिवसभर टेपरेकॉर्डर मांडीशी घेऊन बसायचे.

आणि कॅसेटीच मरायला लागल्या हो! एका पावसाळ्यात त्यांना पांढरी बुरशी धरली. टेप त्या गिळायचा, दादा चाचपडत फीत सोडवायचे, ती तुटायची. एकदा त्यांनी मला तुटलेली फीत हातात दिली आणि म्हणाले, "हा म्हातारा गेला गं. आता त्याला पुन्हा कुठून आणू?" ओव्या म्हणणारे बहुतेक सगळे तोवर देवाघरी गेले होते.

आम्ही दोघं नवराबायको तेव्हा सांगलीत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या ह्यांना संगणकाचं वेड लागलेलं. कुठून कुठून सुटे भाग आणून जोडायचे, पुन्हा सोडायचे. घरात पाय टाकायला जागा नसायची. ह्यांनीच काढलं, "सगळ्या कॅसेटी संगणकात उतरवू. एक जुनं यंत्र गावी ठेवू, पुढच्या सोप्यात आणि स्वयंपाकघरात स्पीकर ओढू. दादांनी कळ दाबायची की गाणं सुरू." मी म्हटलं, एरवी उकरून ठेवता ते ठेवता, पण हे मात्र लाखातलं बोललात.

मग सुरू झाला डिस्कचा घोळ. सीडीवर लिहून घ्यावं तर ते यंत्र आमच्या आवाक्यातलं नव्हतं, आणि पुण्याहून करून आणलेली पहिलीच सीडी अर्ध्यात अडकली. म्हणजे हार्ड डिस्कच हवी. दुकानदारानं कुठल्याशा कचेरीतून निघालेली एक जुनी डिस्क पुढे केली. विटेएवढी जाड! वीज दिल्यावर जी घरघरायला लागली म्हणता! ह्यांचे डोळे चमकले. "भरपूर जागा आहे हिच्यात. स्वस्तात मिळतेय." मी म्हटलं, "ओव्या ऐकायच्यात का दळण दळायचंय?" तरी हे घेणारच होते. शेवटी दुकानदारच ओशाळून म्हणाला की हिची वायर वेगळी, तुमच्या यंत्रात बसायला आणखी एक कार्ड घालावं लागेल. मी ह्यांचा दंड धरून बाहेर आणलं.

नवी घ्यायची ठरली, पण केवढी? सगळ्यात मोठी परवडत नव्हती, शिवाय आमच्या जुन्या यंत्राला ती ओळखू आली नसती. सगळ्यात लहान परवडत होती, पण तिच्यात सगळं मावायला आवाज फार दाबावा लागणार होता. "थोडं दाबलं तर काय कळतंय?" हे म्हणाले. तेवढ्यात दादा मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवायला म्हणून आमच्याकडे आले. ह्यांनी एकच ओवी दोन प्रकारे उतरवून त्यांना ऐकवली, आधी जास्त दाबलेली, मग कमी. दादा मान खाली घालून ऐकत होते. म्हणाले, "पहिल्यात मेंढराच्या गळ्यातली घंटी मेली. दुसऱ्यात वाजतेय."

झालं! घंटी ऐकू यायला हवी, म्हणून मधल्या मापाची डिस्क घेतली. पिशवीत टाकली तरी कळायची नाही एवढी चपटी. दुकानदार म्हणत होता, दोन घ्या, एक बिघडली तर दुसरी राहील. पण दोन कुठल्या झेपायला? आणि मूळ कॅसेटी होत्याच की. त्या कापूर घालून ट्रंकेत ठेवू, असं आमचं ठरलं.

कॅसेटी उतरवताना घरात रोज धनगरवाडा. हे कॅसेट लावून द्यायचे आणि आम्ही आपापल्या कामाला लागायचो. क्रम मात्र दादांनी सांगून ठेवला होता. पहिली कळ कुठल्या कॅसेटची, हे त्यांनी दोनदा बजावलं. ह्यांनी फोनवर कुरकुर केली, "दादा, त्याहून चांगल्या आहेत की पुष्कळ. हिच्यात शेवटी कुणीतरी बाई ओरडतेय. तेवढं कापू का?" दादा म्हणाले, "कापायचं नाही." मला वाटलं, म्हातारपणी हट्ट वाढतो.

काम झाल्यावर हे एकदा गावी जाऊन यंत्र आणि कॅसेटींचं खोकं ठेवून आले. वायरी ओढून झाल्या. डिस्क तेवढी मागे ठेवली होती, तिच्यातली गाणी दादांनी सांगितलेल्या क्रमानं लावायची राहिली होती. नवरात्रात आम्ही ती घेऊन निघालो. सांगली ते इस्लामपूर, इस्लामपूर ते कराड, सगळ्या एसटीच्या प्रवासात ती माझ्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळून. खड्डा आला की मी दोन्ही हातांनी वर उचलायची. शेजारच्या बाईनं विचारलं, "बाळ हाय व्हय?" मी म्हटलं, "बाप आहे." ती जी सरकून बसली ती कराड येईपर्यंत बोलली नाही.

कराडहून गाडी बदलून गावच्या फाट्यावर उतरलो आणि चालत निघालो. आमच्या रानात हायब्रीड जोंधळा दाण्यात आला होता. त्यावरून कॅसेटच्या फिती ताणलेल्या, उन्हात लखलखणाऱ्या, वाऱ्यानं भुंग्यासारख्या गुणगुणणाऱ्या. पाखरं फिरकत नव्हती. "काय डोकं आहे लोकांचं," हे कौतुकानं म्हणाले. मीही म्हटलं, छान केलंय.

घरी गेलो तर खंडेनवमीची गडबड. विळा, कोयता, आईचं शिवणयंत्र, सगळं धुऊनपुसून मांडलं होतं. आईनं माझ्या हातातून टॉवेल घेतला आणि म्हणाली, "तुमी हातपाय धुवा." चहा पिता पिता मी म्हटलं, "आई, कॅसेटींचं खोकं काढ. कापूर आणलाय."

"खोकं? ते गेलं की रानात. जोंधळ्यावर पाखरं लय पडत होती. वाटेकरी म्हणाला, फिती हायत का, म्हटलं घेऊन जा. आता डबीत भरलंय न्हवं समदं?"

माझ्या हातातला कप बशीवर आपटला. आम्ही कौतुक करत आलो त्या दादांच्या ओव्या होत्या! मी तोंड उघडणार एवढ्यात ह्यांनी मला गप्प केलं आणि हळूच म्हणाले, "डिस्क कुठाय?"

डिस्क पाटावर होती, कोयत्याच्या शेजारी. हळद, कुंकू, वर झेंडूचं फूल. त्या डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, हवा आतबाहेर व्हायला. हे भोक झाकू नका, असं तिथं इंग्रजीत छापलेलं असतं. आईनं पाण्यात कालवलेलं कुंकू नेमकं त्याच्यावर लावलं होतं, बोट दाबून, चांगलं ठसठशीत.

"आई! अगं काय केलंस हे?" मी जी किंचाळले!

"काय केलं? गोल जागा केलेली दिसली, तिथं लावलं. समद्या हत्यारांना लावलं, ह्यालाच न्हाई व्हय? मास्तरांचा जीव हाय त्याच्यात."

मी डिस्क पाटावरून उचलली. सोप्यातून दादांनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही, मांजर आलं होतं." ह्यांनी सुई मागितली, तेव्हा मात्र मी त्यांचा हात धरला. "टोचू नका! आत जाईल." मग डिस्क सावलीत ठेवून दिली. सणाचं जेवण झालं. पुरणपोळी होती, पण मला विचाराल तर माती खाल्ल्यासारखी लागली. कुंकू वाळल्यावर ह्यांनी रंगाचा कोरडा ब्रश घेतला, डिस्क पालथी धरली आणि खालून जपून ते झाडलं. भोकाच्या आत जाळी होती. तिच्यावर लाल ठिपका तेवढा राहिला.

डिस्क यंत्रात बसवली. आकड्यांच्या कळा दादांना बोटाला कळाव्यात म्हणून मी त्यांच्यावर माझ्या टिकल्या चिकटवल्या होत्या. यंत्र सुरू झालं. पडद्यावर अक्षरं येत होती आणि ह्यांच्या कपाळावर घाम. दादांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी चाचपत पहिली टिकली शोधली आणि दाबली.

काहीच नाही. मी देवाचं नाव घेतलं.

मग घंटी वाजली. मेंढराच्या गळ्यातली, स्वच्छ, किणकिण किणकिण. मग एक म्हातारा खाकरला आणि ओवी उचलली. सोप्यात, स्वयंपाकघरात, सगळ्या घरात. हे मटकन खाली बसले. माझा जीव असा काही भांड्यात पडला की मी रडायलाच लागले, हसता हसता. आईला काही कळेना. ती पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

ओवी संपली. तरुण दादांचा आवाज आला, "बाबा, आणखी एक म्हणा की." आणि लांबून एक बाई ओरडली, खणखणीत, "आवं मास्तर! भाकरी निवली! किती ते मेंढरांचं कौतुक? त्या बाबांनाबी आणा जेवायला, उपाशी गातंय बिचारं!"

"ही कोण बया वरडतीय?" आई म्हणाली.

"तू," दादा म्हणाले. "तवा तू बाविशीची असशील."

आई दोन पावलं पुढे आली. दादांनी पुन्हा तीच टिकली दाबली. घंटी, खाकरणं, ओवी, आणि शेवटी ती हाक. ती आली तेव्हा दादांनी मान आईच्या बाजूला वळवली, दिसत असल्यासारखी. मी ह्यांच्याकडे पाहिलं. कापू का म्हणून विचारलं होतं ना, ते आठवून त्यांनी जीभ चावली.

आईनं पदरानं डोळे पुसले, पीठ गालाला लागलं. दसऱ्याला तिला नवं पातळ घ्यायचं ठरलं होतं. ती ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "जावईबापू, पातळ ऱ्हाऊ दे. असली डबी आनखी एक मिळंल का? ह्यातलं समदं तिच्यात घाला. ती माझ्याजवळ ठेवीन मी. कुंकू न्हाई लावत."